पीएचडी झाली, आता पुढे? कामाची वाट कशी आखावी

व्हायवा होतो, अभिनंदनं होतात, आणि महिन्याभरात एक प्रश्न सगळीकडून येऊ लागतो: ‘मग आता पुढे?’ बहुतेकांकडे याचं उत्तर नसतं. यात आळस किंवा बेफिकिरी नाही. चार-पाच किंवा सात वर्षं माणूस एकाच प्रश्नाला धरून बसलेला असतो. सिनॉप्सिस, रिव्ह्यूअरच्या शंका, फॉरमॅटिंग, सबमिशन, प्रत्येक वेळी पुढची पायरी दुसऱ्या कुणीतरी आखून दिलेली असते. पदवी हातात पडते त्या दिवशी ही पायऱ्यांची रांग संपते, आणि पुढच्या पायऱ्या आपणच बांधायच्या आहेत हे तेव्हा लक्षात येतं.

पीएचडी संपत आलेल्या अनेकांशी मी या विषयावर तासन् तास बोललो आहे. घोडं जवळपास नेहमी एकाच जागी अडतं. माणूस पदाच्या नावापासून सुरुवात करतो: प्राध्यापक व्हायचं, शास्त्रज्ञ व्हायचं, कंपनीत जायचं. पण पदाचं नाव व्हिजिटिंग कार्डावर असतं, जगायचं असतं ते कामाच्या दिवसात. म्हणून माझा आग्रह असा की आधी रोजचं काम निवडा, मग त्या कामाकडे नेणाऱ्या वाटा शोधा, आणि प्रत्येक वाटेला तारीख लावा. पुढचा सगळा लेख याच क्रमाने जातो.

आधी मागचं आवरून घ्या

पुढचा विचार करण्याआधी दोन-तीन आठवडे मागची कामं संपवायला द्या. ती कंटाळवाणी असतात, म्हणून राहून जातात आणि सहा महिन्यांनी नेमकी अडवतात.

संस्थेचा ईमेल बंद होण्याची तारीख विचारून घ्या. तुमच्या पेपरांवर, जर्नलच्या खात्यांवर, कॉन्फरन्सच्या नोंदींवर तोच पत्ता असतो. खाजगी ईमेल सगळीकडे आत्ताच जोडून ठेवा. ऑर्किड (ORCID) नंबर, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, नसेल तर काढा, असेल तर त्यातही खाजगी पत्ता घाला. तो नंबर जन्मभर तोच राहतो, संस्था बदलली तरी तुमचे पेपर तुमच्याच नावावर सापडतात.

तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रकांच्या साक्षांकित प्रती मागून घ्या. परदेशातला अर्ज असो की कंपनीतली नोकरी, मूळ पदवी समारंभाची वाट पाहत कुणी थांबत नाही.

डेटा, कोड, नमुने, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं यांतलं काय तुम्ही बरोबर नेऊ शकता आणि काय संस्थेचं आहे, हे गाईडशी बोलून ईमेलवर लिहून घ्या. अर्धवट राहिलेल्या पेपरांचंही तसंच. कोणता पेपर कोण पूर्ण करणार, पहिलं नाव कुणाचं, कधीपर्यंत, हे एका ईमेलमध्ये मांडून दोघांनी होकार द्यावा. संबंध कितीही चांगले असोत, दोन वर्षांनी आठवणी जुळत नाहीत. आणि अर्धवट पेपरांची यादी करताना कठोर व्हा. पाच पेपर ‘जवळजवळ तयार’ असतील तर त्यातले दोन निवडा. नव्या नोकरीच्या पहिल्या वर्षात त्याहून जास्त होत नाहीत.

चौदा दिवसांची नोंद

आता मुख्य काम. एक वही घ्या आणि चौदा दिवस रोज रात्री तीन गोष्टी लिहा: आज काय काय केलं, त्यातलं काय करताना वेळेचं भान राहिलं नाही, आणि काय टाळलं. पीएचडी अजून चालू असेल तर उत्तमच. संपली असेल तर शेवटच्या वर्षाची डायरी, ईमेल आणि लॅब नोटबुक समोर ठेवून आठवा.

नोंद करताना ‘संशोधन’ हा शब्द वापरायचा नाही. तो फार मोठा शब्द आहे, त्याच्या पोटात वीसेक वेगळी कामं दडलेली असतात. यंत्र जुळवणं, प्रयोग परत परत करणं, कोड लिहिणं, दुसऱ्याच्या कोडमधली चूक शोधणं, आकडे साफ करणं, जुनी कागदपत्रं वाचणं, अनोळखी माणसाला बोलतं करणं, आलेख काढणं, पहिला मसुदा लिहिणं, दुसऱ्याचा मसुदा सुधारणं, ज्युनिअरला शिकवणं, वर्गापुढे उभं राहणं, ग्रँटचा हिशेब ठेवणं, सामान मागवणं, चार लोकांची भांडणं सोडवून काम पुढे नेणं. यातलं प्रत्येक काम वेगळं लिहा.

चौदा दिवसांनी या कामांपुढे दोन खुणा करा: मला हे येतं का, आणि मला हे आवडतं का. या दोन खुणा सारख्या नसतात, आणि फरक दिसतो तिथे थांबून विचार करायला हवा. पीएचडीत माणूस अनेक गोष्टींत तरबेज होतो ज्या त्याला मनातून नकोशा असतात. मला स्वतःला आकडेमोड जमायची, लोक त्यासाठी माझ्याकडे यायचे, म्हणून तीच माझी वाट असं मी बराच काळ समजत होतो. वही लिहिली तेव्हा दिसलं की ज्या दिवशी मी कुणाला तरी काही समजावून सांगितलं होतं, फक्त त्याच दिवसांच्या नोंदी लांब होत्या. येणारं पण न आवडणारं काम हा सर्वांत मोठा सापळा आहे, कारण जग तुम्हाला त्यासाठीच बोलावतं.

आखणीची तयार साधनं हवी असतील तर विज्ञान शाखांसाठी ‘मायआयडीपी’ आणि मानव्य व सामाजिक शास्त्रांसाठी ‘इमॅजिनपीएचडी’ ही दोन्ही मोफत आहेत. त्यांतल्या प्रश्नावल्या चांगल्या आहेत. पण त्या भरण्याआधी वही लिहा, नाहीतर आपल्याबद्दल जे वाटतं तेच आपण भरतो.

वाटा खरोखर किती आहेत

गाईड प्राध्यापक असतो, शेजारचे प्राध्यापक असतात, परीक्षकही प्राध्यापक असतात. त्यामुळे पीएचडीचा सरळ अर्थ प्राध्यापकी असं वाटणं स्वाभाविक आहे. आकडे वेगळं सांगतात. रॉयल सोसायटीने २०१० साली ब्रिटनमधल्या विज्ञानातल्या पीएचडीधारकांचं चित्र मांडलं होतं: शंभरातले ५३ जण पदवीनंतर लगेच विज्ञानाबाहेरच्या कामात जातात, १७ जण पुढे विद्यापीठाबाहेरच्या संशोधनात स्थिरावतात, कायमस्वरूपी विद्यापीठीय संशोधकपदावर साडेतीन पोचतात, आणि प्राध्यापकपदावर ०.४५. देश आणि विषय बदलला की आकडे बदलतात, पण एक गोष्ट स्पष्ट आहे. ज्याला ‘पर्यायी’ वाट म्हणायची सवय आहे, त्याच वाटेने बहुसंख्य जातात. हा शब्द सोडून द्या. एखादी वाट पर्यायी म्हटली की तिच्याकडे आपण हरल्यावरच बघतो, आणि मग तयारीला वेळ उरत नाही.

वहीतल्या कामांवरून वाटांकडे जाताना असं पाहा. प्रश्न स्वतः निवडणं आणि त्यावर वर्षानुवर्षं काम करणं हेच तुमचं मुख्य सुख असेल, तर संशोधन विद्यापीठ किंवा सरकारी संशोधन संस्था. शिकवणं सर्वांत वर असेल, तर अध्यापनप्रधान महाविद्यालयं. तिथे संशोधन कमी आणि वर्ग जास्त, आणि निवडीच्या वेळी तुमचा शिकवण्याचा अनुभव बारकाईने पाहिला जातो. प्रश्न कुणीही देवो, तो सोडवून वापरात आलेला पाहायचा असेल, तर उद्योगातलं संशोधन. आकडे आणि कोड यांत रमत असाल, तर डेटा सायन्स, वित्तीय विश्लेषण, सॉफ्टवेअर.

दुसऱ्याचं लेखन सुधारण्यात आनंद असेल, तर वैज्ञानिक संपादन. ‘नेचर’सारख्या जर्नलचे संपादक पूर्णवेळ व्यावसायिक असतात आणि त्यातले बहुतेक पीएचडी झालेले असतात. नवं काय आणि जुनं काय हे काटेकोरपणे तपासायला आवडत असेल, तर पेटंट परीक्षण किंवा पेटंट सल्ला. संशोधन आणि निर्णय घेणारे लोक यांच्यामधला पूल व्हायचं असेल, तर धोरणाचं काम. अमेरिकेत ‘ट्रिपल एएस’ (AAAS) ही शास्त्रज्ञांची संस्था १९७३ पासून शास्त्रज्ञांना फेलोशिप देऊन सरकारी यंत्रणेत काम करायला पाठवते. औषध कंपन्यांत मेडिकल सायन्स लिएझन नावाचं पद असतं, त्यात डॉक्टरांशी वैज्ञानिक चर्चा करणं हेच काम. मानव्य शाखांतल्या लोकांसाठी अभिलेखागार, संग्रहालय, प्रकाशन, भाषांतर, सामाजिक संशोधन संस्था आणि सॉफ्टवेअर कंपन्यांमधलं वापरकर्त्यांचं संशोधन. यातल्या शेवटच्या कामात मुलाखती घेणं आणि त्यांचा अर्थ लावणं हेच कौशल्य लागतं, आणि मानववंशशास्त्रात पीएचडी केलेल्याला ते आधीच येत असतं.

सगळ्या वाटा तपासत बसू नका. वहीशी जुळणाऱ्या तीन निवडा.

माणसांशी बोला

कोणत्याही कामाची जाहिरात त्या कामाबद्दल फारसं सांगत नाही. ते करणारा माणूस वीस मिनिटांत सांगतो. निवडलेल्या तीन वाटांवर प्रत्येकी चार म्हणजे एकूण बारा जणांशी बोलायचं, आणि त्यासाठी आठ आठवडे ठेवायचे. यात लाजण्यासारखं काही नाही. पीएचडी केलेल्या बहुतेकांना स्वतः गोंधळलेले दिवस आठवतात, म्हणून ते बोलतात.

संदेश छोटा असावा: ‘नमस्कार. मी अमुक विषयात नुकतीच पीएचडी पूर्ण केली आहे. तुम्ही संशोधनातून पेटंटच्या कामाकडे कसे वळलात हे समजून घ्यायला आवडेल. पुढच्या दोन आठवड्यांत वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का? नोकरी मागण्यासाठी विचारत नाही, हे काम मला मानवेल का एवढंच पाहतो आहे.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. सुरुवात ओळखीतल्यांपासून करा. गाईडचे जुने विद्यार्थी, तुमच्या विभागातून आधी बाहेर पडलेले, कॉन्फरन्समध्ये भेटलेले. गाईडच्या मागच्या दहा वर्षांतल्या सगळ्या विद्यार्थ्यांची यादी करून ते आज कुठे आहेत हे शोधणं, हा एका संध्याकाळचा आणि फार उपयोगी उद्योग आहे.

बोलताना ‘काम आवडतं का?’ विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’ येतं. विचारा: मागच्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केलंत? कामातला कोणता भाग कुणालाच नको असतो? पीएचडीतलं काय इथे उपयोगी पडलं, आणि काय विसरावं लागलं? तुमच्या जागेवरून लोक पुढे कुठे जातात? नव्या माणसाची निवड करताना तुम्ही कागदावर सर्वांत आधी काय पाहता? आणि शेवटी: आणखी कुणाशी बोलू? या शेवटच्या प्रश्नामुळे बाराची यादी आपोआप भरते.

प्रत्येक संभाषणानंतर वहीत लिहा की त्या माणसाचा मंगळवार तुम्हाला हवासा वाटला का. तीन वाटांपैकी एक साधारण इथेच गळते.

पोस्टडॉक: हो की नाही

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण सर्वांत जास्त वर्षं इथेच वाया जातात. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची नोकरी, ही फार चांगली गोष्ट असू शकते: डोक्यावर वर्ग नाहीत, प्रशासन नाही, हातात कौशल्य आहे, आणि नवा विषय शिकायची मुभा आहे. पण ‘दुसरं काही सुचत नाही म्हणून’ पोस्टडॉक घेणं म्हणजे निर्णय दोन वर्षं पुढे ढकलणं. दोन वर्षांनी तोच प्रश्न परत समोर उभा राहतो, आणि तोवर काही योजनांची मुदत निम्मी संपलेली असते.

ही मुदत नीट समजून घ्या. पीएचडीच्या तारखेपासून अनेक घड्याळं चालू होतात. युरोपातल्या मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडीनंतर ८ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे आधी त्या देशात जाऊन मग या फेलोशिपचा विचार करू, असं म्हटलं तर दार बंद झालेलं असतं. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची ‘के ९९’ ग्रँट पोस्टडॉकला ४ वर्षं होण्याआधी मागावी लागते. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या स्टार्टिंग ग्रँटसाठी अनेक वर्षं पीएचडीनंतर २ ते ७ वर्षं असा पट्टा होता. जर्मनीत कायद्यानेच पीएचडीनंतर विद्यापीठात साधारण ६ वर्षं मुदतीच्या करारांवर काम करता येतं, वैद्यकशास्त्रात ९. अशा बऱ्याच योजनांत बाळंतपण, आजारपण, घरातल्यांची शुश्रूषा यांत गेलेला काळ मोजणीतून वगळतात. तो मागायला संकोचू नका, तो तुमचा हक्क आहे. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज करणार त्याच वर्षीचं माहितीपत्रक वाचा. तुमच्या विषयातल्या पाच योजना निवडून त्यांच्या मुदती एका कागदावर, पीएचडीची तारीख शून्य धरून, मांडा. हा कागद भिंतीवर असू दे.

पोस्टडॉक घ्यायचा तो तीनपैकी एका कारणासाठी. ज्या पदाकडे जायचंय तिथे पोस्टडॉकशिवाय प्रवेशच नाही. किंवा असं एखादं कौशल्य शिकायचंय जे तुमच्या पीएचडीत नव्हतं आणि जे बाहेर मागितलं जातं. किंवा गाईडच्या सावलीतून बाहेर पडून स्वतःचा विषय उभा करायचाय. यातलं एकही कारण लागू नसेल तर थांबा. जिथे पीएचडी केली त्याच लॅबमध्ये पोस्टडॉक म्हणून राहणं सोयीचं वाटतं, पण पेपर उरकायला सहा महिने सोडले तर मी त्याचा सल्ला देत नाही. निवड समिती पाहते की हा माणूस गाईडशिवाय काय करतो, आणि तिथे तुमच्याकडे दाखवायला काही नसतं.

जागा मिळत असेल तर होकार देण्याआधी लॅबप्रमुखाला विचारा: पैसा कुठून येतो आणि किती काळ पुरेल? प्रकल्प कोण ठरवणार? जाताना मी कोणता भाग माझा म्हणून घेऊन जाऊ शकतो? माझ्या नावाने ग्रँट मागता येईल का? मागच्या पाच पोस्टडॉकपैकी आज कोण कुठे आहे? यातला घेऊन जाण्याचा प्रश्न सर्वांत नाजूक आणि सर्वांत महत्त्वाचा. ‘ते बघू नंतर’ असं उत्तर आलं तर समजा की उत्तर नाही असं आहे. मग लॅबमधल्या सध्याच्या आणि सोडून गेलेल्या लोकांशी प्रमुख नसताना बोला. सुट्टी घेता येते का, चुका झाल्यावर काय होतं, पेपर प्रमुखाच्या टेबलावर किती महिने पडून राहतो. लोक सरळ वाईट बोलत नाहीत. त्यांचं अडखळणं ऐका.

आणि रुजू व्हायच्या आधीच शेवटची तारीख ठरवा. अमुक महिन्यापर्यंत एवढे पेपर आणि एवढ्या मुलाखती झाल्या नाहीत तर दुसरी वाट, हे लिहून एका जवळच्या माणसाकडे द्या. आपली तारीख आपणच पुढे ढकलत जातो. ती दुसऱ्या कुणाला माहीत असली की ढकलणं अवघड होतं.

विद्यापीठातले अर्ज

विद्यापीठांचं कॅलेंडर संथ असतं आणि ते तुमच्यासाठी थांबत नाही. उत्तर अमेरिकेत टेन्युअर ट्रॅकच्या, म्हणजे पुढे कायम होऊ शकणाऱ्या प्राध्यापकपदांच्या, जाहिराती साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये येतात, मुलाखती हिवाळ्यात होतात, काम पुढच्या शरद ऋतूत सुरू होतं. म्हणजे अर्ज आणि पहिला पगार यांत जवळपास वर्ष जातं. इतर देशांत जागा वर्षभर निघतात, पण तिथेही सहा-आठ महिने धरा. म्हणून अर्जाची तयारी नोकरी हवी त्याच्या दीड वर्ष आधी.

कव्हर लेटर, सीव्ही, संशोधनाचा आराखडा, अध्यापनाबद्दलचं निवेदन आणि शिफारसपत्रं, एवढं बहुतेक ठिकाणी लागतं. संशोधनाच्या आराखड्यात सगळे चुकतात ती गोष्ट अशी की तीन चतुर्थांश पानं पीएचडीत काय केलं यावर जातात. समितीला पुढची पाच वर्षं पाहायची असतात. झालेल्या कामाला एक पान द्या, पुढच्या दोन-तीन प्रश्नांना उरलेली पानं द्या. त्यातला एक प्रश्न असा असू दे जो दोन वर्षांत, थोड्या पैशात, दोन विद्यार्थ्यांसह नक्की सुटेल. समितीवर तुमच्या उपविषयातला एखादाच असतो, बाकीच्यांना पहिला परिच्छेद कळला नाही तर पुढचं वाचलं जात नाही. म्हणून तो परिच्छेद दुसऱ्या विभागातल्या मित्राला वाचायला द्या आणि काय समजलं ते सांगायला लावा.

शिफारसपत्रासाठी किमान चार ते सहा आठवडे आधी विचारा, आणि शब्द नीट निवडा: ‘तुम्ही माझ्यासाठी भक्कम पत्र लिहू शकाल का?’ समोरचा घुटमळला तर आभार मानून दुसऱ्याकडे जा. कोमट पत्र न दिलेल्या पत्रापेक्षा वाईट. पत्र लिहिणाऱ्याला सीव्ही, आराखडा, मुदतींचा तक्ता आणि ‘यावर तुम्ही लिहावं असं वाटतं’ अशा तीन ओळी पाठवा.

२०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत मांडल्या गेलेल्या डोरा जाहीरनाम्यानंतर जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या पेपरांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्यावरून, माणूस मोजू नये, हे अनेक संस्थांनी मान्य केलं. काही ठिकाणी आता कथनात्मक सीव्ही मागतात, म्हणजे पेपरांच्या यादीऐवजी तुमच्या कामाने काय बदललं ते शब्दांत लिहायचं. अशा वेळी नेहमीचा सीव्ही परिच्छेदांत ओतू नका, नव्याने लिहा.

उद्योगातले अर्ज

इथे कॅलेंडर वेगळं. जागा निघते आणि काही आठवड्यांत भरते, त्यामुळे वर्षभर आधी अर्ज करून उपयोग नाही, तीन-चार महिने आधी करा. ओळखी मात्र वर्षभर आधीपासून हव्यात. बारा जणांशी बोलला असाल तर त्या झालेल्याच आहेत.

सीव्ही दोन पानांवर आणा. प्रबंधाचं शीर्षक एका ओळीत, पेपर ‘निवडक’ म्हणून तीन. बाकीची जागा तुम्ही काय केलं आणि त्यातून काय निघालं यासाठी. ‘प्रथिनांच्या घडीचा अभ्यास केला’ या वाक्यातून निवड करणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘नमुने शुद्ध करण्याची पद्धत नव्याने बसवली, त्यामुळे आठवड्याचं काम दोन दिवसांवर आलं, आणि लॅबमधल्या चौघांना ती शिकवली’ यातून तीन गोष्टी कळतात. इतिहासात पीएचडी असेल तर: ‘तीन भाषांतल्या विखुरलेल्या हजारो कागदांची सूची केली, ती शोधता येईल अशा स्वरूपात मांडली आणि ठरल्या मुदतीत चारशे पानांचा अहवाल पूर्ण केला.’ आकडे तुमचे खरे असू द्या, फुगवलेला आकडा मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला फुटतो.

प्रत्येक जाहिरातीतले शब्द सीव्हीत यायला हवेत, अर्थात ते काम तुम्ही केलं असेल तर. पुष्कळ कंपन्यांत पहिली चाळणी संगणक करतो किंवा तुमचा विषय न शिकलेला माणूस करतो.

मुलाखतीसाठी सहा गोष्टी तयार ठेवा: काहीतरी फसलं तेव्हा काय केलं, कुणाशी मतभेद झाले तेव्हा काय केलं, माहिती अपुरी असताना निर्णय कसा घेतला, मुदत कशी पाळली, दुसऱ्याला कसं शिकवलं, मत कसं बदललं. प्रत्येकात परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय होतं, तुम्ही काय केलं आणि काय निघालं, या क्रमाने दोन मिनिटांत सांगता यायला हवं. पीएचडीच्या सवयीने आपण ‘आम्ही’ म्हणतो. इथे ‘मी’ म्हणायला शिका. आणि पगाराचा आकडा विचारला तर त्या शहरात, त्या पदाला, पीएचडीधारकाला काय मिळतं हे आधी शोधून पट्टा सांगा. पहिल्या देकारावर पुन्हा एकदा विचारणं उद्धटपणा नाही. मात्र नम्रपणे, कारण देऊन आणि एकदाच.

पैसा आणि घर

फेलोशिप संपण्याची तारीख आणि हाताशी असलेली शिल्लक समोर ठेवून किती महिने पगाराशिवाय निघतील ते मोजा. चार महिने निघत असतील तर तुमच्याकडे वर्षभराची विद्यापीठीय शोधमोहीम चालवायला वेळ नाही. तात्पुरतं काम धरून ती चालवावी लागेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. परदेशी असाल तर व्हिसाची मुदत याच कागदावर लिहा, बऱ्याचदा खरी मुदत तीच असते.

जोडीदार असेल तर हा कागद दोघांचा आहे. कोणती शहरं चालतील, किती काळ वेगळं राहणं झेपेल, यावेळी कुणाच्या कामाला पहिला मान, पुढच्या वेळी कुणाच्या, हे देकार यायच्या आधी बोला. देकार हातात आल्यावर चर्चा होत नाही, फक्त एकाची माघार होते.

एका पानाचा आराखडा

आता सगळं एका पानावर आणा. वर वहीतून निघालेली तीन कामं, जी आठवड्यातले बहुतेक तास असायलाच हवीत. त्याखाली उरलेल्या दोन वाटा. प्रत्येकीपुढे पुढच्या तीन महिन्यांत करायच्या तीन गोष्टी, तारखांसह. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवा, एक संपली की दुसरी असं नको. दुसऱ्या वाटेला आठवड्यातले चार तास दिले तरी पुरतात: एखादं कौशल्य, एखादा छोटा प्रकल्प, एखादं संभाषण. खाली निर्णयाची तारीख. दर तीन महिन्यांनी हे पान एका मित्रासमोर ठेवा. तो प्राध्यापक नसला तर बरं. नकार आला की ओळ खोडू नका, पुढे तारीख लिहा आणि कारण कळलं असेल तर तेही. दहा नकारांनंतर त्यात काही आकार दिसू लागतो: मुलाखतीपर्यंत पोचतच नसाल तर कागदात खोट आहे, मुलाखतीनंतर अडत असाल तर बोलण्यात.

एक गोष्ट पुष्कळ जण शेवटपर्यंत लांबवतात: गाईडला सांगणं. विशेषतः विद्यापीठ सोडायचं ठरलं असेल तर आपण त्यांना निराश करतोय असं वाटत राहतं. निर्णय पक्का झाल्यावर, पण अर्ज पाठवण्याच्या आधी सांगा, कारण शिफारसपत्रासाठी तिथेच जायचं आहे. वेळ मागून घ्या, चालता चालता नको. जे ठरलं ते पहिल्या दोन मिनिटांत सांगा, वहीतली कामं दाखवा, आणि मग विचारा की तुम्ही मला पाच वर्षं पाहिलंत, या कामात मी कुठे कमी पडेन असं तुम्हाला वाटतं? त्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल असा माणूस तुम्हाला दुसरा भेटणार नाही, म्हणून जाताना वही आणि पेन बरोबर ठेवा.